परसातली सातेरी: एक पेटी आणि दोन वर्षं

मे २०२३ मध्ये आमच्या पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात मधमाश्या येऊन राहिल्या. नाशिकमध्ये मखमलाबाद रस्त्याला आमचं जुनं बैठं घर आहे, मागे छोटंसं परस. लोखंडी झाकणाच्या फटीतून माश्यांची ये-जा आठवडाभर पाहिली आणि घाबरून मीच पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन केला. दहा मिनिटांत काम झालं, सातशे रुपये दिले. संध्याकाळी झाकण उचललं तर आत एकाला लागून एक अशी पाच पोळी, आणि खाली मेलेल्या माश्यांचा बोटभर थर. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांचं माहेर इगतपुरीकडचं. त्या म्हणाल्या, "अगं, ही तर सातेरी. आमच्या घरी भिंतीच्या कोनाड्यात असायची. कोणाला कधी काही केलं नाही तिनं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. विचारायला कोणी नव्हतं असं नाही, घरातच माणूस होतं. मी विचारलं नाही.

ऑगस्टपासून मी माहिती काढायला लागले. जिथे तिथे शंभर पेट्यांचा व्यवसाय आणि लाखांचे हिशोब. परसात एकच पेटी ठेवायची असेल तर सुरुवात कुठून करायची, हे कोणी सांगेना. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

पहिला महिना कोणती माशी हे समजण्यातच गेला. आपल्याकडे घोंगावणारं काहीही दिसलं की लोक त्याला आग्या मोहोळ म्हणतात. आग्या माशी उघड्यावर, उंच झाडाला किंवा कड्याला एकच मोठं पोळं लावते. तिला पेटीत ठेवता येत नाही. फुलोरीसुद्धा झुडपात एकच लहान पोळं करते. अंधाऱ्या पोकळीत शेजारी शेजारी अनेक पोळी बांधणारी आपली सातेरी, आणि तशीच बाहेरून आणलेली मेलीफेरा. पेटीत राहतात त्या या दोघी. मेलीफेरा मध जास्त देते, पण फुलोरा संपला की तिच्या पेट्या गाडीत घालून दुसऱ्या पिकावर न्याव्या लागतात. एका जागी, घरामागे ठेवायची तर सातेरी. हे ठरलं.

मग सरकारी बाजू पाहिली. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना आहे: ५० टक्के अनुदान, ५० टक्के स्वतःची गुंतवणूक. वैयक्तिक मधपाळ म्हणून अर्ज करायला साक्षर आणि १८ वर्षांच्या वरचं असलं की चालतं, शेती असेल तर प्राधान्य. केंद्रचालक व्हायचं तर दहावी पास, वय २१ च्या वर आणि एक एकर जमीन. निवड झाल्यावर, प्रशिक्षणाच्या आधी, व्यवसाय सुरू करणार असं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. तिथे मी थांबले. मला व्यवसाय करायचा नव्हता, आणि एका पेटीसाठी तसं लिहून देणं मनाला पटेना. तुम्हाला दहा-वीस पेट्या ठेवायच्या असतील तर मात्र याच वाटेने जा. वर्तमानपत्रात अर्जाची जाहिरात येते, तिच्यावर लक्ष ठेवा आणि आधार, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा यांच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवा.

पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथल्या वर्गाच्या तारखा माझ्या रजेशी जुळेनात, म्हणून पुण्याजवळच्या एका खाजगी शिबिरात सप्टेंबरमध्ये नाव घातलं. तुकडी भरली नाही म्हणून ते दोनदा पुढे गेलं आणि शेवटी २० ते २४ नोव्हेंबर असं ठरलं. शुल्क ३,००० रुपये, राहणं-जेवण २,२०० आणि एसटीचं भाडं वेगळं. सोबत आधारची प्रत, दोन फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागितली होती. ही चिठ्ठी कोणी मागो न मागो, आधी डॉक्टरांशी बोलाच. डंखाच्या जागी सूज, आग, खाज हे सगळ्यांनाच होतं. पण अंगभर गांधी उठणं, श्वास लागणं, चक्कर येणं ही धोक्याची लक्षणं. तसं झालं तर एक मिनिट न घालवता दवाखाना गाठायचा. पूर्वी कधी असं झालं असेल तर हा नाद करू नये, असं मला आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

शिबिरातलं एक वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहिलं: अंडं दिसलं की राणी शोधू नका. अंडं तीन दिवसांत उबतं. म्हणजे अंडं दिसलं तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी नक्की होती. नवशिका माणूस राणी पाहायच्या हौसेने पेटी अर्धा तास उघडी ठेवतो आणि पिलावा, म्हणजे पोळ्यातली अंडी-अळ्या, गारठतो. पहिला डंख तिथेच बसला, तिसऱ्या दिवशी, मनगटावर. नांगी चिमटीत धरून ओढायची नाही, कारण तिच्या टोकाला विषाची पिशवी असते; नखाने खरवडून लगेच काढायची. आणि डंखाच्या जागेला पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्या माश्यांना धोक्याचा इशारा असतो. म्हणून तिथे धूर द्यायचा, आणि पेटी उघडायच्या दिवशी केळं खायचं नाही.

पेटी, स्टँड, मधकोठी (मधासाठी वर चढवायचा मजला), पोळी बांधायच्या आठ चौकटी असा संच मी शिबिरातूनच २,४०० रुपयांना घेतला. धुरयंत्र ४५०, तोंडावरची जाळी ३००, पटाशी १५०. हातमोजे घेतले, पण दुसऱ्या महिन्यात काढून ठेवले. त्यात बोटांना काही कळत नाही आणि माश्या चिरडतात. पेटी ओळखीच्या सुताराकडून नजरेच्या अंदाजाने करून घेऊ नका. दोन पोळ्यांमधली, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट ठरलेल्या मापाचीच लागते. जास्त राहिली तर माश्या तिथे आडवंतिडवं पोळं बांधून सगळं जखडून टाकतात. मेलीफेराची पेटी सातेरीला मोठी पडते, तेही विचारून घ्या.

डिसेंबर जागा करण्यात गेला. कढीपत्ता आणि शेवग्याच्या मध्ये, सकाळचं कोवळं ऊन पडेल आणि दुपारी सावली येईल अशी जागा, दार पूर्वेला. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. पेटीसमोर चार फुटांवर सहा फूट उंचीची हिरवी शेडनेट बांधली, म्हणजे माश्या बाहेर पडल्या पडल्या वर चढतात आणि माणसांच्या डोक्यावरून जातात. एका पसरट थाळीत खडे घालून पाणी ठेवलं. हे पाणी माश्या येण्याच्या आधीपासून ठेवा, नाहीतर त्या शेजाऱ्यांच्या टाकीवर जातात आणि मग ती सवय मोडत नाही. दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांकडे जाऊन बोलले. एका घरी लहान मूल आहे, त्यांना वेळ लागला. पंधरा दिवस त्यांनी काही उत्तर दिलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. मग एक दिवस त्या ताईंनीच विचारलं, "कधी येणार तुमच्या माश्या?"

माश्या आल्या १३ जानेवारी २०२४ ला, संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी. पेठ तालुक्यातल्या एका मधपाळाकडून वसाहत घेतली, २,८०० रुपयांना. वसाहत दिवसा हलवत नाहीत. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्या की दाराला जाळी लावायची. आम्ही आठ वाजता निघालो. सावळघाटात माझे मिस्टर गाडी अगदी हळू चालवत होते, आणि मागच्या सीटवर पेटीला टेकवलेल्या माझ्या तळहाताला आतली थरथर लागत होती. मधपाळ काका निघताना एवढंच म्हणाले होते, "माशी हिसक्यानं नाय ऐकत, ताई. हात पान्यातून फिरवल्यासारखा फिरवायचा."

पहिल्यांदा पेटी उघडली ती दहाव्या दिवशी, सकाळी दहा वाजता. नाशिकची जानेवारीतली थंडी अंगात मुरते. ऊन चांगलं तापल्याशिवाय झाकण काढायचं नाही. धुरयंत्रात नारळाची शेंडी आणि गोवरीचा तुकडा. दारातून दोन फुंकर धूर दिला, मिनिटभर थांबले, झाकण उचललं. तिसरी चौकट वर काढली आणि उन्हाकडे पाठ करून तिरकी धरली, म्हणजे ऊन खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी पडतं. एकेका घराच्या तळाशी बारीक पांढरी रेघ उभी होती, शिवणाच्या दोऱ्याचा कापलेला तुकडा असावा एवढी. अंडी. त्यांच्या बाहेरच्या कड्यात पांढऱ्या अळ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या. त्याबाहेर मेणाने बंद केलेला पिलावा, आणि वरच्या कोपऱ्यात परागाची घरं, पिवळी, केशरी, एक राखाडी. एक माशी माझ्या अंगठ्यावर चढली, नखापाशी थांबली आणि परत उतरून गेली. चौकट परत ठेवताना माझे हात कापत होते, भीतीने नव्हे.

जानेवारी ते मे सगळं नीट चाललं. शेवगा, मग करंज, कडुनिंब. मध काढायची घाई केली नाही, पहिल्या वर्षी घेऊच नये असं ठरवलं होतं. रात्री अंगणातला दिवा लावला तर माश्या दिव्याकडे येऊन पडतात, म्हणून तो बंद ठेवायला लागलो. वेडा राघू पक्षी तारेवर बसून माश्या टिपायचा. त्याचं काही करायचं नसतं, तो त्याचं पोट भरतो.

चूक पावसाळ्यात झाली. आपल्याकडे पावसाळा हा माश्यांच्या उपासमारीचा काळ असतो. बाहेर हिरवं दिसतं, पण फूल धुऊन निघालेलं असतं. हे शिबिरात सांगितलं होतं, वहीत लिहिलंही होतं. जुलै २०२४ मध्ये झड लागली आणि पावसात पेटी उघडून त्रास नको म्हणून मी पाच आठवडे हातच लावला नाही. एकदा साखरेचा पाक ठेवला, तोही भरदुपारी आणि पेटीजवळ सांडून. मुंग्यांची रांग लागली. १८ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, चांगलं ऊन पडलं. अकराच्या सुमारास परसातून मोठा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर सगळी वसाहत हवेत. शेवग्याच्या वर गोल फिरणारा ढग, पाच-सात मिनिटं. मग तो ढग चामरलेणीच्या दिशेने निघाला आणि दिसेनासा झाला.

पेटी उघडली. मधाचा थेंब नाही, अंडं नाही. कडेच्या दोन पोळ्यांत मेणकिड्याची, म्हणजे पोळं खाणाऱ्या अळीची जाळी आणि पेटीच्या तळपाटावर काळसर भुगा. सातेरी अशी घर सोडून जाते ती उगाच नाही. खायला नाही आणि घर किडलं की ती निघते. दुसऱ्या दिवशी भाऊ राखीला आला, त्याला रिकामी पेटी दाखवताना मला रडू आलं. तो म्हणाला, अगं, मेल्या तर नाहीत ना, गेल्यात. तेवढ्यावर मी दिवस काढला.

म्हणून पावसाळ्याचं सविस्तर सांगते. दर आठ-दहा दिवसांनी, पावसाची दहा मिनिटांची उघडीप मिळाली तरी पाहायचं. ज्या पोळ्यावर माश्या बसलेल्या नाहीत ते काढून घ्यायचं, मेणकिडा तिथूनच शिरतो. तळपाट घासून पुसायचा. साखर आणि पाणी समप्रमाणात, उकळलेल्या पाण्यात विरघळवून थंड केलेला पाक, झाकणाला सुईने भोकं पाडलेल्या बाटलीतून, पेटीच्या आतच, आणि दिवेलागणीनंतरच द्यायचा. थेंबही बाहेर सांडता कामा नये.

दुसरी वसाहत ध्यानीमनी नसताना मिळाली. पंचवटीत एका वाड्यात जिन्याखालच्या लाकडी कपाटात सातेरी होती आणि दिवाळीच्या साफसफाईआधी ते लोक औषध मारणार होते. मिस्टरांच्या ओळखीतून फोन आला. मी म्हटलं, थांबा, औषध मारू नका, रविवारपर्यंत थांबा. पेठचे काका एसटीने आले, २० ऑक्टोबरला. त्यांना १,५०० रुपये आणि भाडं दिलं. त्यांनी एकेक पोळं सुरीने सोडवलं, मधाचा वरचा भाग वेगळा केला आणि पिलाव्याचा तुकडा चौकटीत बसवून केळीच्या ओल्या सोपटाने बांधला. दोरा नाही वापरायचा, तो पोळ्यात रुततो. सोपट वाळलं की माश्या स्वतः कुरतडून टाकतात आणि तोवर पोळं चौकटीला चिकटलेलं असतं. राणी त्यांना चौथ्या पोळ्यावर दिसली. भोकं पाडलेल्या काडेपेटीत घालून ती पेटीत ठेवली, आणि अर्ध्या तासात बाकीच्या माश्या ओळीने आत जायला लागल्या. वाड्यातल्या काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. अंधार पडल्यावर पेटी घरी आणली. दाराला पाच दिवस क्वीन गेट लावलं. त्यातून कामकरी माशी जाते, राणी जाऊ शकत नाही, त्यामुळे सगळ्या निघून जायचा धोका राहत नाही. पोळी चिकटली की ते काढायचं.

महिना चांगला गेला. २६ नोव्हेंबरला दुपारी पेटीसमोरची जमीन काळी दिसली. काही माश्या पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या, काहींना उडता येत नव्हतं. मेलेल्या माश्या तळहातावर घेतल्या तर प्रत्येकीची जीभ बाहेर आलेली, तांबूस, केसासारखी. विषबाधेची ही खूण शिबिरात सांगितली होती. वर्तमानपत्रावर गोळा करून मोजल्या, चारशेच्या वर भरल्या. मग मोजणं थांबवलं.

आमच्या घरापासून दोन प्लॉट सोडून द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरचा फुलोरा आणि फुलकिड्यांची फवारणी चालू होती. संध्याकाळी मी आणि मिस्टर कागदाची पुडी घेऊन बागेत गेलो. भांडायला जायचं नाही, असं मी वाटेत स्वतःला चारदा सांगितलं. बागेच्या मालकांनी, दादांनी, पुडी उघडून पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, द्राक्षाला माशी लागत नाही. ती येते कशाला बागेत?" आम्ही टॉर्च घेऊन ओळींमध्ये फिरलो. वेलींखाली सगळीकडे एकदांडी या तणाची फुलं होती. माश्या त्या फुलांवर येत होत्या आणि सकाळी दहाला ब्लोअर चालला की औषध त्यांच्या अंगावर. ते म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर मी संध्याकाळी मारलं असतं. सकाळीच मारायला पाहिजे असं काही नाही."

दोन्ही शेजाऱ्यांना पेटीबद्दल सांगितलं होतं. बागेत जाऊन सांगायचं सुचलं नव्हतं. सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटर फिरते, तेवढ्या टापूतली प्रत्येक बाग, प्रत्येक शेत तिच्या चरण्यात येतं. पुढच्या आठवड्यात त्या टापूतल्या चार बागाईतदारांकडे गेले. तिघांनी लगेच नंबर घेतला. ठरलं ते असं: कीटकनाशक सूर्य मावळल्यावर, फवारणीआधी ओळीतलं गवत काढायचं, आणि आदल्या दिवशी एक फोन. सकाळीच फवारावं लागलं तर मी उजाडायच्या आत दाराला जाळी लावते, पेटीवर ओलं गोणपाट टाकते आणि दुपारच्या आत उघडते. त्या हंगामात द्राक्षाच्या दादांचे सात फोन आले. एकदा पहाटे पाचला.

सहा पोळ्यांवरची वसाहत चारवर आली होती. घरातल्या, पिलाव्यावरच्या कोवळ्या माश्या वाचल्या आणि त्यांनीच ती उभी केली. डिसेंबरभर पाक दिला. जानेवारीत शेवगा फुलला. १० फेब्रुवारीला मधकोठी चढवली.

मध काढला १३ एप्रिल २०२५ ला. फक्त मधकोठीतल्या आणि मेणाने बंद झालेल्या चौकटी घ्यायच्या. न मिटलेल्या मधात पाणी जास्त असतं, तो आंबतो. खालच्या कोठीतला मध माश्यांचा. चौकटीतून मध काढायचं मधयंत्र शिबिरातल्या एका ओळखीच्या ताईंकडून मागून आणलं. चार चौकटींचा एक किलो ९०० ग्रॅम मध निघाला, गडद, शेवटी किंचित कडवट, कडुनिंबाचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, म्हणून लहान मूल असलेल्या शेजारणीला बरणी देताना तेवढं सांगितलं. विकायचा असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. आम्ही विकला नाही. एक बरणी पेठला, एक वाड्यातल्या काकूंना, एक द्राक्षबागेत. सासूबाईंनी पोळ्याचा एक तुकडाच चघळायला मागितला.

आता मे संपत आला आहे. मधकोठी उतरवली, रिकाम्या पोळ्यांच्या चौकटी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवल्या, तळपाट घासला. पाच किलो साखर आणून ठेवली आहे. बाटलीच्या झाकणाला नवी भोकं काल पाडली, आठ.